मानेवरची फुंकर

त्याचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना आरशामागे अडकवलेला होता, त्यामुळे ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळी गल्ली त्याला मिडियम म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की मानेभोवती कापड गुंडाळता गुंडाळता हा विचारायचा, "मिडियम?" समोरचा बारीक म्हणो, लांब म्हणो, नाहीतर कुणा नटाचा फोटो काढून दाखवो, हा सगळं मान डोलावून ऐकून घ्यायचा आणि शेवटी मिडियमच कापायचा. लोक कुरकुरत जायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायचे. त्याचा बांधा मध्यम, उंची मध्यम, जीभ तेवढी मध्यम नव्हती. कुणाची सोयरीक फिसकटली, कुणाच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलं, कुणाचा पाय मुरगळला म्हणतात तो खरं तर कशाने मुरगळला, हे सगळं त्याच्याकडे ताजं मिळायचं आणि वर थोडं पदरचं घातलेलं असायचं.

गिऱ्हाईक मात्र बातम्यांसाठी टिकून नव्हतं, फुंकरीसाठी टिकून होतं. हे काम त्याला मामाने शिकवलेलं. मामा म्हणायचा, कात्री कुणीही चालवील, काम संपवता आलं पाहिजे. ब्रशने जाडे केस निघतात, बारीक केस कॉलरच्या आत जाऊन बसतात आणि माणसाला दिवसभर टोचत राहतात. म्हणून शेवटी दोन बोटांनी कॉलर मागे ओढायची, वाकायचं आणि उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत एक लांब, बारीक फुंकर घालायची. मिडियमची फुंकर अशी एकसारखी यायची की भलभलते कडक लोक त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. तीस वर्षं त्याने दिवसाला दहा-पंधरा मानांवर ती घातली होती. ती घालताना त्याला विचार करावा लागत नव्हता, आणि घात झाला तो तिथेच.

साथ आली आणि सगळं बंद झालं तेव्हा त्याचं दुकानही बंद झालं. पहिले काही दिवस त्याने घरात बसून कात्र्यांना धार लावली, मग बायकोचे केस कापले, मग बायको म्हणाली की आता माझ्या डोक्याला हात लावलात तर मी माहेरी चालत जाईन. गल्लीत सकाळी भाजीची गाडी यायची तेवढाच माणसाचा आवाज. केस मात्र कुणाचं ऐकत नव्हते, ते आपले वाढत होते. हळूहळू फोन यायला लागले. मागच्या दाराने ये, कुणाला कळणार नाही, पाच मिनिटांचं काम आहे. मिडियमने सगळ्यांना नाही म्हटलं. एकाच माणसाला त्याला नाही म्हणता आलं नाही, ते म्हणजे मास्तर.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. गल्लीच्या टोकाला पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांचे कल्ले दोन्ही बाजूंना एका रेषेत आले नाहीत तर ते खिशातून पेन्सिल काढून आरशासमोर आडवी धरायचे आणि म्हणायचे, "बघ, तुझं क्षितिज कललंय." मिडियमला त्यांचा राग यायचा नाही. गल्लीत त्याच्या कामाकडे काम म्हणून बघणारा तो एकच माणूस होता. मास्तर फोनवर म्हणाले, "अरे मिडियम, आरशात बघितलं की मला हल्ली झाडू दिसतो. मास्तरीणबाई तर म्हणतात, चष्मा काढून ठेवा, म्हणजे दोघांचीही सोय. येऊन जा."

तो मंगळवारी सकाळी गेला. पिशवीत खाली कात्र्या आणि वर पालेभाजीची जुडी, कुणी हटकलं तर दाखवायला. तोंडावर एकावर एक दोन मास्क, हातात मोजे. मास्तरांची खुर्ची गॅलरीत मांडली होती, मास्तरीणबाई आत स्वयंपाकघरात दाराआड होत्या, मास्तरांच्या तोंडालाही दाढीपुरता वेळ सोडला तर मास्क होता. म्हणजे जे करायचं ते सगळं केलेलं होतं. अर्धा-पाऊण तास तो काम करत होता आणि मास्कमधून गुदमरत बोलत होता. काम झालं. त्याने ब्रश फिरवला, दोन बोटांनी कॉलर ओढली, डाव्या हाताने दोन्ही मास्क हनुवटीखाली सरकवले, वाकला आणि फुंकर घातली.

नंतर हात मास्क वर करायला गेला तेव्हा त्याला कळलं की मास्क खाली आहे.  मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांना काही कळलंच नाही. "महिनाभर याचीच वाट बघत होतो," ते म्हणाले.

शुक्रवारी मास्तरांना ताप आला. शनिवारी मिडियमला आला. मिडियमचा चार दिवसांत उतरला. मास्तरांना रविवारी गाडी येऊन घेऊन गेली आणि दहाव्या दिवशी ते गेले. कुणाला तोंड बघायला मिळालं नाही. गल्लीने खिडक्यांतून बघितलं ते फक्त मास्तरीणबाईंना, एकट्याच गॅलरीत त्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या, आणि खालून कुणी वर जाऊ शकत नव्हतं.

मिडियमला ही बातमी त्याच्या बायकोने सांगितली, दारातून, कारण तो तेव्हा वेगळ्या खोलीत झोपत होता.  ती म्हणाली, "अहो, ऐकलंत का?" तो म्हणाला, "ऐकलं." त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती. मास्तरांना मी मारलं. फुंकर घालून मारलं. त्याने बोटांवर दिवस मोजले, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आणि हिशेब दर वेळी तसाच जमला. मग तो रोज मोजायला लागला.

ज्याने गल्लीतली एक बातमी पोटात ठेवली नव्हती त्याने ही ठेवली. बायकोलाही सांगितलं नाही. तिच्यापासून त्याने आजवर काही लपवलं असेल तर ते सिगारेटचं पाकीट, आणि तेही तिला माहीत होतं.

साथ ओसरली, दुकानं उघडली. गल्ली बाहेरून पहिल्यासारखी दिसायला लागली, पण आतून सगळ्यांचा कुठे ना कुठे एखादा टाका उसवलेला होता. औषधाच्या दुकानातला मालक दुकान बंद केल्यावर कुलूप सात वेळा ओढून बघायचा आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आठव्यांदा परत यायचा. शिंपीण गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायची नाही, जुना कपडा आणा म्हणायची. दूधवाल्या जोडप्यातला नवरा गेला होता आणि बायको अजून फोनवर "आम्ही" म्हणायची. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. भेटले की "बरं आहे ना?" आणि "बरं आहे," एवढ्यावर सगळ्यांची सुटका व्हायची.

मिडियमचं असं झालं की तो आपल्याच श्वासाला घाबरायला लागला. गिऱ्हाइकावर वाकला की श्वास रोखायचा. एक बाजू कापून होईपर्यंत धरून ठेवायचा, मग दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून सोडायचा, पुन्हा येऊन दुसरी बाजू. दोन-तीनदा त्याला चक्कर आली. एकदा कात्रीचं टोक एकाच्या कानाला लागलं. लोक म्हणाले, आजार अंगातून गेलेला नाही, फुप्फुसं कमजोर राहतात, होतं असं. त्यानेही ते चालवून घेतलं. बोलणं बंद झालं, कारण बोलायचं तर श्वास सोडावा लागतो. फुंकरीच्या जागी त्याने केस वाळवायचं एक मशीन आणलं, ते मानेवर गरम हवा सोडायचं आणि बारीक केस आणखी आत ढकलायचं. गिऱ्हाइकं कमी झाली. जी आली ती सवयीने आली. घरी तो चहासुद्धा फुंकून पीत नव्हता, गार होऊ द्यायचा. बायकोकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून झोपायचा. बायकोला वाटलं, आजारपणात आपण त्याला दुसऱ्या खोलीत टाकलं त्याचा राग धरलाय. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. दोन वर्षं अशी गेली आणि ती दोघं एका घरात राहून एकमेकांना नुसती दिसत राहिली.

मास्तरांच्या घरी तो नंतर कधी गेला नाही. मास्तरीणबाई कुणाहाती विचारून पाठवायच्या, मिडियम बरा आहे ना, एवढा का वाळलाय. त्यांनी असं विचारलं की त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

आणि बेबीचं होतंच. बेबी म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी, पस्तिशी ओलांडली तरी गल्लीला बेबीच. लहानपणी तिचे केस मिडियमने कापलेले, खुर्चीच्या हातांवर फळी ठेवून तिला वर बसवून. आता ती दुसऱ्या भागात राहायची आणि मोठ्या दवाखान्यात नर्स होती. साथीच्या दिवसांत तिने जे बघितलं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तर गेल्यापासून ती दर रविवारी आईकडे यायची, औषधं आणायची, भाजी आणायची आणि दारातच उभी राहायची. आत पाऊल टाकायची नाही. मास्तरीणबाई आतून म्हणायच्या, "ये की गं," ती म्हणायची, "घाईत आहे." मग मास्तरीणबाई दाराशी स्टुल आणून बसायच्या आणि मायलेकी उंबऱ्याच्या दोन बाजूंनी अर्धा तास बोलायच्या. जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना याची सवय झाली होती. का, ते सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणत होते, दवाखान्यातून तिनेच आणलं असणार, बिचारी. मिडियमच्या दुकानात, मिडियमच्याच खुर्चीत बसून लोक हे म्हणायचे, आणि मिडियम श्वास रोखून कात्री चालवत असायचा.

सांगून टाकलं तर ती पोर सुटेल हे त्याला समजत होतं. रोज सकाळी शटर वर करताना तो ठरवायचा की या रविवारी सांगायचं. रविवारी ती कोपऱ्यावरून वळताना दिसली की तो आत जाऊन टॉवेलच्या घड्या घालायचा. भित्रा होता, दुसरं काही नाही. चांगली माणसंही भित्री असतात आणि त्यांच्या भित्रेपणाची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्या चांगल्या माणसांना मोजावी लागते.

एका रविवारी दुपारी दुकान रिकामं असताना बेबी स्वतःच आत आली. तोंडावर मास्क. सगळ्यांनी काढून वर्ष झालं होतं, हिचा होताच.

"काका, एक काम होतं. आईचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. वेणी घालता येत नाही तिला. ती म्हणते, केस आखूडच करून टाकते. तुम्ही घरी जाऊन कापून द्याल का?"

मिडियमच्या हातात टॉवेल होता तो त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मी नाही यायचो, बेबीताई."

"का हो? दहा मिनिटांचं काम. गॅलरीत खुर्ची टाकेल ती."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्या कुणाकडून ती कापून घेणार नाही. तिला तुम्हीच हवे. मी कापले असते, पण..." ती थांबली. "तुम्हाला माहीत आहे ना, मी आत जात नाही ते."

"माहीत आहे."

"मग झालं तर."

तो खाली बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, आयुष्यात पहिल्यांदा. समोर आरसा होता आणि आरशात ती मागे उभी होती. तिच्याकडे न बघता, आरशाच्या कडेकडे बघत त्याने सगळं सांगितलं. पालेभाजीची जुडी, दोन मास्क, मोजे, शेवटी हात कसा गेला, फुंकर, आपला ताप. मंगळवार ते शुक्रवार मोजून दाखवले. "दोन वर्षं सगळे तुमचं नाव घेतात आणि मी ऐकत उभा राहतो. तुम्ही नाही आणलंत ताई. मी मारलं मास्तरांना."

 बेबीने दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली आणि ती तिथे बसली. मास्क काढला. दोन वर्षांत त्याने तिचा चेहरा बघितला नव्हता. तोंडाच्या दोन्ही बाजूंना रेघा आल्या होत्या, मास्तरांना होत्या तशाच.

"मी त्याच्या आधीच्या गुरुवारी आले होते," ती म्हणाली. "सलग ड्युटी करून, सरळ घरी. दारात औषधं ठेवून जायचं ठरवलं होतं. बाबा म्हणाले, पाच मिनिटं टेक. मी बाबांच्या पलंगावर आडवी झाले आणि मला झोप लागली. तासभर. मास्क काढून. जाग आली तेव्हा बाबा उशाशी बसून वारा घालत होते. नंतर माझी टेस्ट आली ती पॉझिटिव्ह. मला काही झालंसुद्धा नाही, काका. साधं नाक वाहिलं नाही."

 दोघांपैकी कुणाचा गुन्हा मोठा, अशी काहीतरी स्पर्धा लागल्यासारखं झालं होतं आणि दोघांनाही ती जिंकायची नव्हती.

मग तिच्यातली नर्स जागी झाली. ती सरळ बसली. "एक सांगा. नीट आठवून सांगा. तुम्ही आलात त्या मंगळवारी बाबांना वास येत होता का? चव, वास? माझ्याकडून लागण झाली असेल तर पाच दिवस होऊन गेले होते, तोवर वास गेलेला असू शकतो. वास येत नसेल तर तुम्ही यायच्या आधीच आजार आत होता. येत असेल, सगळं ठीक असेल, तर मग कदाचित..." तिने हातातला मास्क आरशापुढच्या फळीवर ठेवला. "आईला विचारलं मी. तिला त्या आठवड्याचं काही आठवतच नाही. बाबांबरोबर त्या दिवशी तुम्हीच होतात."

आणि मिडियमला आठवलं. दाढी झाल्यावर, फुंकरीच्या आधी, त्याने मास्तरांच्या गालांना लोशन लावलं होतं, तेच हिरव्या बाटलीतलं झणझणीत, ज्याचा वास जिन्याखालपर्यंत यायचा. मास्तर दर वेळी त्या वासाने नाक फुलवायचे. त्या दिवशी गालावर हात फिरवून ते म्हणाले होते, "काय रे, आज बाटलीत पाणी भरून आणलंस?" मिडियम हसला होता. मास्तरांची थट्टा म्हणून सोडून दिलं होतं. दोन वर्षं शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजताना हे वाक्य त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, कारण ते फुंकरीच्या आधीचं होतं आणि तो नेहमी फुंकरीपासून मोजायला सुरुवात करायचा.

म्हणजे त्याने मारलं नव्हतं. मास्तर आधीच आजारी होते. उलट त्यालाच मास्तरांकडून लागण झाली असेल. त्याच्या छातीत दोन वर्षं अडकून बसलेलं काहीतरी सुटलं आणि श्वास इतका खोल आत गेला की त्याला खोकला आला. आता मोकळा झालास, त्याचं मन म्हणालं. बोल.

तो बोलणार होता. तोंडही उघडलं होतं. पण बेबी त्याच्याकडे बघत होती. मागच्या दोन वर्षांत तिने स्वतःला फाशी दिली नव्हती एवढंच, बाकी सगळी शिक्षा भोगून झाली होती, आणि आता ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून त्याच्या उत्तराची वाट बघत होती. नर्स असल्यामुळे तिला फसवायलाही जागा नव्हती, प्रश्न तिनेच असा नेमका विचारला होता की एका 'नाही'ने त्याची सुटका झाली असती आणि ती जन्माची अडकली असती.

"येत होता की," मिडियम म्हणाला. "लोशन लावलं तर नाक असं फुलवलं. म्हणाले, वा, आता माणसात आलो."

"नक्की?"

"माझ्या कानांनी ऐकलं ताई."

"दम लागत नव्हता? अंग दुखतंय वगैरे?"

"छे. ठणठणीत होते. माझं क्षितिज कललंय म्हणून पेन्सिल काढली दोनदा."

पेन्सिलीचं खरं होतं. खोट्यात तेवढं खरं घातलं आणि ते तिला पटलं. ती एकदम रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर हात न घेता. मिडियम उठला आणि काय करावं ते न सुचून त्याने तिला धुतलेला टॉवेल दिला. तिने तो घेतला, तोंड पुसलं आणि मग त्याच्याकडे जे बघितलं ते त्याला अपेक्षित नव्हतं. अपेक्षित असायला हवं होतं, पण आपल्याला दुसऱ्याचं बरं करायचं असलं की आपण एवढा पुढचा विचार करत नाही.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही हे पोटात ठेवलंत? मी आईच्या हातचं पाणी प्यायले नाही दोन वर्षं. ती रोज एकटी जेवते. तुम्ही इथून मला दर रविवारी येता-जाताना बघत होतात."

"हो."

"मास्क का काढलात हो? एवढं सगळं केलंत आणि फुंकर कशाला मारलीत?"

 तिच्या विचारण्यातलं दुःख खरं होतं आणि फुंकरही खरीच होती, म्हणून त्याने मान खाली घातली.

"आईला सांगणार आहे मी," बेबी म्हणाली. "आमच्या घरी यायचं नाही तुम्ही. केस कापायलासुद्धा." टॉवेल तिने खुर्चीवर टाकला आणि ती गेली. तो दारात येऊन बघत राहिला. ती बस थांब्याकडे गेली नाही, आईच्या घराकडे वळली, आणि पुढे पुढे तर धावतच गेली. मास्क आरशापुढच्या फळीवर तसाच राहिला होता.

गल्लीत बातमी पसरायला दोन दिवस पुरले. बातम्या कशा पसरतात ते मिडियमला कुणी सांगायला नको होतं, तीस वर्षं त्याचाच तो धंदा होता. दोन-चार गिऱ्हाइकांनी समोरच्या नव्या सलूनची वाट धरली. औषधाच्या दुकानाचा मालक मात्र येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "होतं माणसाकडून. मी तर साथीत काय काय विकलं, ते आठवलं की..." कुलुपाचं कारण मिडियमला त्या दिवशी कळलं.

बायकोला बाहेरून कळलं. ती संध्याकाळी भाजीची पिशवी तशीच हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, मास्तरांना वास येत होता असं तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"खोटं कशाला बोललात? त्या दिवशी घरी आलात तेव्हा आंघोळ करता करता आतून ओरडून सांगत होतात मला, मास्तर म्हणाले बाटलीत पाणी भरलंस का म्हणून. हसत होतात. मी दाराबाहेर तुमचे कपडे उकळत्या पाण्यात टाकत होते. मला चांगलं आठवतंय."

मिडियम तिच्याकडे बघत राहिला. तिला आठवत होतं. दोन वर्षं ती त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर झोपत होती आणि हे वाक्य तिच्याजवळ होतं. एकदा, फक्त एकदा तो तिच्याकडे वळून म्हणाला असता की मला असं असं वाटतं, तर तिने तिथल्या तिथे त्याला सोडवलं असतं. पण बेबीलाही तेव्हाच कळलं असतं की मास्तर आधीच आजारी होते, आणि मग ती कशी जगली असती देव जाणे. एवढा सगळा विचार एकदम त्याच्या डोक्यात मावेना. तो रडायला लागला. बायकोने पिशवी खाली ठेवली.

"म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपत होतात?"

त्याने मान डोलावली.

"मला वाटलं, माझा वीट आलाय तुम्हाला," ती म्हणाली आणि तीही रडायला लागली. जरा वेळाने तिने डोळे पुसले. "मी जाऊन सांगते बेबीला खरं काय ते."

"नाही सांगायचं."

"अहो, सगळी गल्ली तुम्हाला नावं ठेवतेय."

"ठेवू दे. मला माहीत आहे ना मी मारलं नाही ते. खरं कळलं तर तिला तसं म्हणता येणार नाही. तू शपथ घे."

तिने शपथ घेतली नाही, पण सांगितलंही नाही. त्या रात्री तो भिंतीकडे वळला तेव्हा तिने खांद्याला धरून त्याला आपल्याकडे फिरवलं. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत राहिला आणि ती तशीच झोपी गेली.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, तो दुकानाबाहेर पाणी मारत होता तेव्हा मास्तरीणबाई आणि बेबी येताना दिसल्या. आईने लेकीच्या दंडाला धरलं होतं. बेबीच्या तोंडावर मास्क नव्हता आणि ती काहीतरी सांगत होती, मास्तरीणबाई हसत होत्या. त्याला बघून बेबी थांबली. मास्तरीणबाईंचं हसू गेलं. क्षणभर त्यांनी त्याच्याकडे बघितलं, अशा नजरेने की त्याच्या हातातला मग वाकडा होऊन पाणी त्याच्याच पायावर सांडलं. मग दोघी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायला लागल्या.

त्याला फार लागलं ते. महिन्याला 'मिडियम बरा आहे ना' म्हणून विचारणारी बाई होती ती, आता कधी विचारणार नव्हती, आणि तिला खरं काय ते सांगण्याचा अधिकार त्याने स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता. तो तसाच उभा राहून त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत राहिला. मास्तरीणबाईंचे केस आखूड झाले होते. मानेपर्यंत कापलेले, घरातल्याच कात्रीने, स्वयंपाकघरात नाहीतर गॅलरीत त्यांना खुर्चीवर बसवून. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं खाली आली होती आणि मागे एक बट तशीच राहून गेली होती. लेकीने कापले होते.